चौथ्या गोष्टीचा फ्रॉक

माप घेताना पोरीने दोन्ही हात वर केले आणि तोंडातल्या तोंडात म्हणाली, "आई, दार उघड ना. मी आता शहाणी झाले." माझी टेप तिच्या छातीभोवती होती. चोवीस. आकडा मी बोलले नाही. सून समोर वही घेऊन बसली होती, तिने कानावरची पेन्सिल काढून वर बघितलं. "किती, आई?" मी म्हटलं, "थांब जरा." मग पोरीला विचारलं, "काय म्हणालीस गं?" तर तिची आई खुर्चीच्या टोकावर सरकून कौतुकाने सांगायला लागली, "डायलॉग आहे तिचा. दिवसभर तेच चाललेलं असतं, आंघोळ करताना सुद्धा. एकच वाक्य आहे हो, पण सर म्हणाले, या एका वाक्यावर अख्खी गोष्ट उभी आहे." सर म्हणजे माझा मुलगा. मी टेप गळ्यात टाकली आणि स्टुलावर बसले. सुनेला वाटलं गुडघे. तिला नेहमी गुडघेच वाटतात, माणसाला बसावंसं वाटायला गुडघ्यांशिवाय दुसरं कारण असू शकतं हे तिच्या गावी नाही. "पाणी देऊ का?" "पाणी नको. चोवीस लिही. कंबर तू घे." आणि मी तिथे बसून त्या पोरीकडे बघत राहिले. ओठ हलत होते तिचे. शहाणी झाले, शहाणी झाले. एक शब्द इकडचा तिकडे नाही. हे वाक्य या जगात फक्त मला माहीत आहे अशा समजुतीत मी एकतीस वर्षं काढली होती.

भुतांचे कपडे मी गेली पंचवीस वर्षं शिवते आहे. भुतासारखं गरीब गिऱ्हाईक दुसरं नाही. गळा मोठा झाला म्हणत नाही, काखेत काचतंय म्हणत नाही. सिनेमाचे ड्रेसवाले येतात आणि सांगतात, "मावशी, भुताला माप नसतं, ढगळच शिवा." कापड पंख्यापुढे उडलं पाहिजे, झाली त्यांची अट. पांढराशुभ्र त्यांना चालत नाही, कॅमेऱ्याला डोळे दिपतात म्हणे, म्हणून शिवलेला कोरा कपडा चहाच्या पाण्यात बुडवून मळवायचा. खालच्या घेराला शिवण घालायची नाही, दोरे ओढून लोंबते ठेवायचे. का, तर भूत किती वर्षं फिरतंय ते कळावं. अरे, फिरून फिरून घेराचे दोरे निघाले तर बाह्यांचे का निघत नाहीत? ते कोणी विचारायचं नाही. प्रत्येक कपड्याचे तीन नग: एक कोरा, एक रक्ताचा, एक पडायचा. पडायचा म्हणजे भूत गच्चीवरून खाली येतं तेव्हाचा. एकदा मेलेल्याला गच्चीवरून ढकलून काय साधतं ते त्या दिग्दर्शकांनाच ठाऊक. एका सिनेमात भुताने स्वतःच्याच घेरावर पाय दिला आणि तोंडावर आपटलं, दात हातात आला. त्या बाईच्या ओठातून आलं तेवढंच त्या सिनेमातलं खरं रक्त. मी तिला माझा रुमाल दिला आणि मनात म्हटलं, भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, पण ब्रह्मराक्षसापाठीही कोणी तरी असतोच, त्याला शिंपी म्हणतात.

आणि आता हे नवीन खूळ, चार गोष्टींचा एक सिनेमा. एका गोष्टीत दम नाही म्हणून चौघांनी वर्गणी काढल्यासारखा. चार दिग्दर्शक, चार भुतं, मध्ये मध्ये एक खोली, त्या खोलीत चार माणसं अडकून बसलेली, बाहेर गाडी बंद पडलेली, आणि वेळ जात नाही म्हणून प्रत्येक जण एक गोष्ट सांगतो. शेवटी कळतं की चौघंही केव्हाच मेलेली आहेत. हे असले सिनेमे मी सहा शिवले, सहातल्या पाचांत हाच शेवट. मेलेल्यांना इतकं बोलायला सुचतं कुठून? माझा अनुभव उलटा आहे. यातल्या पहिल्या गोष्टीत लिफ्ट, लिफ्टमध्ये तिघं चढतात आणि आरशात चौघं दिसतात. दुसरीत फोटो, त्यातला मेलेला नवरा रोज एक बोट पुढे सरकतो. जिवंत असताना सरकला नसेल एवढा. तिसरीत फोन वाजतो. चौथी माझ्या मुलाची. घरातली गोष्ट आहे, आई, साधीच आहे, इतकंच त्याने मला सांगितलं होतं. आमच्याकडे त्या सिनेमाचे एकूण अकरा कपडे आले होते, त्यांतला हा शेवटचा, आणि याची चिठ्ठी त्याने स्वतःच्या हाताने लिहिली होती. फ्रॉक. फिकट पिवळा. पाठीला पाच बटणं. खिसा एकच, डावा. मला वाचायला वेळ लागतो, मी तिसरीत शाळा सोडली, पण टेपवरचे आकडे आणि चिठ्ठीतलं माप मला कोणी वाचून दाखवावं लागत नाही. सकाळी मी ती चिठ्ठी वाचली होती आणि मला काही झालं नव्हतं. पिवळे फ्रॉक जगात पुष्कळ असतात. डावा खिसा वाचूनही मी मनाला म्हटलं, असेल एखादी पोर डावखुरी. आपलं मन आपल्याला किती सफाईने फसवतं, एखाद्या मुरलेल्या दुकानदारासारखं, आणि ते वाक्य ऐकेपर्यंत मी फसत राहिले.

माझी थोरली डावखुरी होती. आठ वर्षांची. कात्री डाव्या हातात धरायची आणि उजव्या हाताच्या कात्रीने तिचं कापड चावल्यासारखं कापलं जायचं. तेव्हा मी सिनेमाचं काम करत नव्हते, बायकांचे कपडे शिवायचे, याच खोलीत, एकच मशीन, आणि मागे कापडाची खोली. खोली म्हणजे कोनाडाच, दाराला बाहेरून कडी. त्या दुपारी शाळेतून आल्यावर तिने एका गिऱ्हाइकाच्या रेशमातून बाहुलीसाठी तुकडा कापला. बरोबर मधून. मी तिला मारलं नाही. मी कधी मुलांवर हात टाकला नाही, माझा तोरा होता तो. मी तिला दंडाला धरून कापडाच्या खोलीत घातलं आणि कडी लावली. शहाणी होशील तेव्हा उघडीन, म्हटलं. थोडा वेळ तिने दार वाजवलं. मग ते वाक्य. मग मी पाय जोरात मारायला लागले, मशीन असं धडधडलं की मला माझा आवाज ऐकू आला नसता. तीन वाजल्यापासून सहापर्यंत. कडी काढली तेव्हा ती कापडाच्या ठाणांवर पडली होती आणि तिचे डोळे उघडे होते पण ते मला बघत नव्हते. इस्पितळात दोन दिवस. मेंदूत ताप गेला, डॉक्टर म्हणाले. मी विचारलं, आधी आणली असती तर? त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "सांगता येत नाही." मला त्या माणसाचा तिरस्कार वाटतो. सांगता येत नाही तर डॉक्टर कशाला झालास? हो म्हण, नाही म्हण. माणूस एका बाजूला तरी पडतं. नवऱ्याने तर काही विचारलंच नाही. मरेपर्यंत विचारलं नाही. चांगुलपणाने माणसाचा किती छळ करता येतो ते मी त्याच्याकडून शिकले. आणि मुलगा तेव्हा सहा वर्षांचा, मशीनच्या टेबलाखाली चिंध्यांच्या ढिगावर झोपलेला. झोपलेला म्हणजे, मी खाली वाकून बघितलं होतं तेव्हा त्याचे डोळे मिटलेले होते.

तो संध्याकाळी आला. टोपी घालून. डोक्यात भरपूर केस असताना टोपी घालणारा माणूस एक तर टकलाच्या भीतीत असतो नाही तर दिग्दर्शक असतो. मी टेबलावर पिवळं कापड पसरून खडूने खुणा करत होते. सून जेवणाची ताटं घेत होती. "वा, आई, तूच बसलीस याला? मला वाटलं कामावरच्या पोरींकडे देशील." मी म्हटलं, "साहेबांचं काम. पोरींनी बिघडवलं तर गोष्ट पडेल ना, उभी आहे म्हणे." तो हसला आणि मग माझ्या तोंडाकडे बघून हसायचा थांबला. "तू जागा होतास," मी म्हटलं. त्याने विचारलं नाही कधी, कुठे. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "हो." "मग तेव्हा का नाही बोललास?" "काय बोलू? सहा वर्षांचा होतो. मला वाटलं मी बोललो तर मलाही आत घालशील." सुनेने ताट ठेवता ठेवता हात थांबवला. तिला या घरात येऊन बारा वर्षं झाली आणि तिला यातलं काडीचं माहीत नव्हतं. मी कापडावरून खडू फिरवत राहिले. खांदा, काख, बाजू. एकही रेघ वाकडी गेली नाही.

"शेवट काय केलास?" मी विचारलं. तो सांगायला लागला आणि सांगता सांगता त्याच्या आवाजात ती लाडीगोडी आली जी निर्मात्यांपुढे बोलताना येत असावी. आई म्हातारी झालेली असते, त्याच घरात एकटी, कापडाची खोली तिने भिंत घालून बुजवलेली. रोज मशीन चालवायला बसली की भिंतीतून ते वाक्य येतं. शेवटी ती भिंत फोडते. आत थोरली उभी असते, तशीच, पिवळ्या फ्रॉकमध्ये. आणि ती आईला मिठी मारते. म्हणते, तुला कुठे माहीत होतं, आई. बस. काळोख. "प्रेक्षक रडणार," तो म्हणाला. "पहिल्या तीन गोष्टींत घाबरतील, चौथीत रडतील. म्हणून तर मला शेवटची दिली." मी विचारलं, "रडून घरी जातील?" "हो." "रुमाल पिळून, हलके होऊन?" "आई, तू असं का बोलतेस?" "कारण माझ्या मेलेल्या पोरीच्या तोंडून तू मला माफी दिलीस आणि ती तिला विचारून दिली नाहीस. तुझ्या खिशातली होती का ती वाटायला?" तो म्हणाला, "मला वाटलं तुला बरं वाटेल." बरं वाटेल! औषधाच्या चमच्यातून साखर देतात तसं. मला इतका राग आला की मी खडू मोडला. मी म्हटलं, "लोक भुताला भिऊन घरी येतात आणि दिवा लावून झोपतात, ते परवडलं. ही तुझी गोड भुतं नकोत. भूत जर आईला मिठी मारायला येत असेल तर ते भूत कसलं, ते पाहुणं."

"एकतीस वर्षं या घरात तिचं नाव कोणी घेतलेलं नाही," तो म्हणाला. हळू म्हणाला, त्यामुळे मला ऐकावं लागलं. "एक फोटो नाही. तिची पाटी, बाहुली, काही नाही. शाळेत मला विचारायचे, भावंडं किती, तर मी काय सांगायचं ते मला कळायचं नाही." "म्हणून तिला भूत केलीस?" "मग दुसरी कुठली जागा ठेवली होतीस तू तिच्यासाठी?" त्यावर माझ्याकडे उत्तर होतं. माझ्याकडे नेहमी उत्तर असतं, आमच्या घराण्यात बायका उत्तरासकट जन्माला येतात. पण तेवढ्यात सून म्हणाली, "जेवून घ्या आधी, दोघंही, निवतंय." आम्ही जेवलो. कोणी कोणाला मीठ लागलं का विचारलं नाही. हात धुताना मी म्हटलं, "एक गोष्ट सांग. तुझ्या त्या भुताची पाठीची बटणं कोण लावतं?" "म्हणजे?" "पाच बटणं पाठीला. आठ वर्षांच्या पोरीचे हात मागे पोचत नाहीत. एकतीस वर्षं भिंतीत एकटी आहे ना ती? मग लावली कोणी?" तो म्हणाला, "भूत आहे गं ती, आई." मी म्हटलं, "भूत झालं म्हणून हात लांब होतात का?" तो हसला नाही. टॉवेल हातात धरून बराच वेळ भिंतीकडे बघत राहिला, आणि मला वाटलं, चला, निदान शिवणातलं तरी याला काही कळतं.

फ्रॉक मीच शिवला. त्याने एकच नग सांगितला होता. रक्ताचा नाही, पडायचा नाही. माझ्या हातून गेलेलं हे पहिलं भूत ज्याला एकच कपडा होता. चहाचं पाणी नको म्हणाला. घेराला शिवण घाल म्हणाला, दुमडून, शाळेत जायच्या पोरीला घालतात तशी. शिवताना मी काही आठवत बसले नाही, शिवताना आठवणाऱ्या बायका सुई बोटातून घालून घेतात. पण हाताला स्वतःची आठवण असते, तिला माझी परवानगी लागत नाही. पाठीच्या पट्टीवर काजं करताना माझी बोटं आपोआप जवळजवळ काजं करायला लागली, थोरलीच्या पाठीवर होती तशी, कारण ती बारीक होती आणि लांब लांब बटणं लावली की मधून फट पडायची. ही सिनेमातली पोर गुटगुटीत. मी काजं उसवली आणि परत मोजून केली. त्यात दुपार गेली.

चित्रीकरणाला मी जात नाही. कपडे जातात, मी जात नाही. यावेळी गेले. मोठी पत्र्याची शेड, दिवसाढवळ्या खिडक्यांना काळी कापडं लावलेली, आणि मधोमध माझं घर. पुठ्ठ्याचं. मागून बघितलं तर फळ्या आणि खिळे, पुढून बघितलं तर माझी भिंत. रंग बरोबर केला होता त्याने, ओल धरलेला कोपरासुद्धा. पण खोली! कापडाची खोली त्याने एवढी मोठी केली होती की आत लग्न लागलं असतं. मी म्हटलं, "हे काय? आत मांडी घालून बसायला जागा नव्हती." तर म्हणाला, "कॅमेरा मावला पाहिजे, आई." म्हणजे दुःखाला सुद्धा कॅमेऱ्याच्या मापाने शिवायचं. आईचं काम करणारी नटी मशीनवर बसली होती, दोरा ओवलेला नव्हता आणि ती बाई डोळ्यांतून पाणी काढत चाक उलटं फिरवत होती. आतून पोर म्हणाली, आई, दार उघड ना, मी आता शहाणी झाले, आणि त्या नटीने मशीनवर कपाळ टेकून हुंदका दिला. एका माणसाने नाक ओढलं. मला तिथून ओरडावंसं वाटलं, अगं बये, रडलीस तर ऐकू येईल ना! पाय मार! ज्यांना रडू येतं त्या उठून कडी काढतात. मी मात्र त्या दुपारी शेवटच्या बाहीला चुणी बरोबर बसली म्हणून मनातल्या मनात स्वतःला शाबासकी देत होते. ते कोण दाखवणार? त्याला नटी नाही मिळायची.

दुपारची सुट्टी झाली तेव्हा तो माझ्यासाठी चहा घेऊन पुठ्ठ्याच्या भिंतीमागे आला. मी एका लाकडी पेटीवर बसले होते, तो दुसरीवर बसला. "उद्या मिठीचा शॉट आहे," म्हणाला. "तू येऊ नकोस हवं तर." भिंतीच्या पलीकडे पोर आणि तिची आई डबा खात होत्या, पोरीला भाजी नको होती. मी म्हटलं, "ती म्हणते ना, तुला कुठे माहीत होतं. ते काढ." "का? नव्हतंच तुला माहीत. तिला ताप होता हे कोणालाच माहीत नव्हतं." "मला माहीत होतं." तो चहाचा घोट घ्यायला वाकला होता, तसाच राहिला. मी सांगितलं. रडले नाही आणि थांबलेही नाही, हिशेबाने उसवतात तसं एकेक टाका सांगितलं. सकाळी ती नेहमीसारखी माझ्यापुढे पाठ करून उभी राहिली, बटणं लावायला. मी खालून लावत यायचे. दुसऱ्या बटणाला माझ्या बोटांची पेरं तिच्या पाठीला लागली आणि चटका बसला. चटकाच. तिने म्हटलंसुद्धा, आई, मला बरं नाही वाटत. आणि मी काय केलं? मनात म्हटलं, आज नको. संध्याकाळी गिऱ्हाईक यायचं आहे, चार कपडे अर्धे पडलेत, आज ताप नको. आणि मोठ्याने म्हटलं, शाळा बुडवायची सोंगं. उरलेली तीन बटणं लावली आणि पाठवली. "दुपारी तिला आत घातली तेव्हा दंड धरला होता ना मी तिचा," मी म्हटलं, "तो काय गार होता? हाताला कळलं होतं. सकाळीही कळलं होतं, दुपारीही कळलं होतं. माहीत नव्हतं म्हणणारी ती तुझी नटी. मी नाही."

पलीकडे डब्याचं झाकण पडलं. मी त्याच्याकडे बघितलं, मला बघायचं होतं आता हा काय करतो: उठून जातो, की रडतो, की बापासारखा चांगला वागून मला उरलेलं आयुष्य छळतो. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, ते मी बघितलं. पण त्या पाण्याच्या मागे दुसरंही काही तरी हललं, आणि तेही मी बघितलं. मी आई आहे त्याची. तो म्हणाला, "आई, हे घेऊ मी?" "काय?" "बटणांचं. सकाळचं. सिनेमात." निर्लज्ज! एकतीस वर्षं मी जे दाताखाली धरलं ते माझ्या पोटच्या गोळ्यासमोर ठेवलं आणि त्याने ते उचलून माप घ्यायला सुरुवात केली, किती लांब, किती रुंद, कुठे बसेल. मला त्याच्या कानशिलात द्यावीशी वाटली. आणि त्याच वेळी, खोटं का बोलू, हायसं वाटलं. त्याने मला माफ केलं नव्हतं. त्याने मला समजून घेतलं नव्हतं. त्याला ते कापड चांगलं वाटलं होतं, इतकंच, आणि कापडाची पारख मला कळते. "घे," मी म्हटलं. "पण मिठी काढायची. भिंत फोडू दे त्या आईला, आत पोर दिसू दे, आणि पोरीने एक शब्द बोलायचा नाही. नुसतं बघायचं." "निर्माता ओरडेल. त्याला मिठीच हवी आहे." "मग निर्मात्याला मार मिठी." तो उठला, पॅन्ट झटकली, भिंतीला वळसा घालून पलीकडे गेला. मला त्याचा आवाज ऐकू आला. "ताई, उद्या तिला आणायची गरज नाही. तिचं काम आजच संपेल." "अहो सर, पण उद्या तर मिठी! तिने आजीला दाखवलंय करून, मावशीला दाखवलंय. तेवढ्याच एका सीनसाठी तर आम्ही हो म्हटलं." "मिठी नाहीये आता." "असं कसं? भूत काय नुसतं उभं राहणार?" "हो," माझा मुलगा म्हणाला. "नुसतं उभं राहणार."

मग तो परत आला आणि म्हणाला, बटणं लावायच्या शॉटला हात तुझे लागतील. नटीची नखं मी बघितलीच होती, लाल आणि इतकी लांब की बटण सोडा, तिला नाक पुसता आलं नसतं. "चेहरा नाही येणार तुझा. फक्त हात आणि तिची पाठ." मी म्हटलं, माझे हात म्हातारे आहेत, ती आई तर तेव्हा तरुण. तो म्हणाला, "असू देत. तिला आठवतंय ते. आठवताना हात आजचेच असतात." हे त्याचं वाक्य मला बरं वाटलं, म्हणून मी त्याला तसं सांगितलं नाही. एका स्टुलावर मला बसवलं, पोरीला पुढे उभी केली, दिवे आणले, माझ्या मनगटावर कोणी तरी पावडर लावायला आलं त्याला मी हाकललं. पहिल्या वेळी मी चार सेकंदांत पाचही बटणं लावून मोकळी झाले. लोक हसले. "आई, हळू." दुसऱ्या वेळी हळू केलं तर म्हणाला, नाटकी होतंय. तिसऱ्या वेळी म्हणाला, "खालून दुसऱ्याला थांब, आणि हाताला गरम लागल्यासारखं कर." मी म्हटलं, "ते करता येत नाही. ते लागतं." "बरं," तो म्हणाला, "मग काही करू नकोस."

चौथ्या वेळी पोर कंटाळली होती. उभं राहून राहून लहान मुलं करतात तसं तिने अंग मागे टाकलं आणि तिचा सगळा भार माझ्या हातावर आला. खालचं बटण लावून झालं होतं. दुसऱ्याला माझी पेरं तिच्या पाठीला टेकली. थंड. पंख्याने थंड झालेली, थोडा घाम, खाऊन पिऊन सुखी असलेल्या पोरीची मऊ गार पाठ. मी थांबले. त्याने सांगितलं होतं म्हणून नाही. माझा हात शोधत होता. बोटांच्या पेरांना तो चटका हवा होता आणि तो कुठे लागेना, म्हणून मी हात फ्रॉकच्या आत सरकवला, पूर्ण पंजा टेकवला दोन खांद्यांच्या मधे, आणि तिथेही काही नव्हतं, नुसता श्वास येत होता जात होता. मुलगा कट म्हणेल असं मला वाटलं. दिग्दर्शकाचं काम ते काय, वेळेवर कट म्हणायचं. बाकी सगळं दुसरीच माणसं करतात. तो म्हणाला नाही. मी हात बाहेर काढला, तिसरं बटण लावलं, चौथं लावलं, वरचं लावलं, तिचा खांदा धरून तिला माझ्याकडे फिरवली आणि म्हटलं, "आज शाळेत जाऊ नकोस. जा, आत जाऊन झोप." पोर गोंधळून माझ्या मागे बघायला लागली. तिथून बऱ्याच वेळाने माझ्या मुलाचा आवाज आला. "आई, इथे वाक्य नाहीये."

"माहीत आहे," मी म्हटलं. "आवाज काढून टाक. हात तेवढे ठेव."